केलफरची लोहगाथा

थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त चढवावं लागतं आणि त्यातलं लोह शरीरात साचतं. ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, पंप लावून रात्र काढायची, तीही आठवड्यातून पाच-सहा वेळा! 1990च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या सिप्लानं ‘केलफर’ ही कॅप्सूल बाजारात आणली आणि हा जाच पुष्कळ कमी झाला. लघवी तांबूस होई, पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावं लागे. तरी आईबापांना ती मोठीच सोय वाटली.

या कॅप्सूलमधलं औषध डेफेरिप्रोन. 1980च्या दशकात ब्रिटनमध्ये तयार झालेलं. अमेरिकेनं मान्यता दिली ती थेट 2011 साली.

कंपवातात मेंदूच्या ‘सबस्टँशिया नायग्रा’ भागात लोह वाढतं, हे जुनं निरीक्षण. मग हेच औषध तिथं का नको? तर्क बिनतोड वाटत होता. युरोपात 372 नव्या रुग्णांवर 36 आठवडे चाचणी झाली. निकाल डिसेंबर 2022मध्ये आला. एमआरआयमध्ये लोह घटलेलं दिसलं, लक्षणं मात्र प्लासिबोवाल्यांपेक्षा बळावली. डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोह लागतंच, हे त्याचं एक संभाव्य स्पष्टीकरण.

थॅलेसेमियासाठी मात्र डेफेरिप्रोन आजही वापरात आहे.