ॲस्पर्गर : हे नाव आलं कुठून?

विमानांबद्दल तासभर बोलेल, पण ऐकणारा कंटाळलाय हे लक्षात येणार नाही. थट्टा केली तर शब्दशः खरी मानेल. गोंगाट नको, ठरलेला क्रम मोडला की बेचैन. असं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, कदाचित तुम्ही स्वतःच असाल. या स्वभावविशेषांना बरीच वर्षं ‘ॲस्पर्गर सिंड्रोम’ म्हणत.

व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर या डॉक्टरांनी १९४४ साली अशा चार मुलग्यांबद्दल लिहिलं. पण मॉस्कोतल्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६ मध्येच सहा मुलग्यांत हेच टिपलं होतं. तरी १९८१ मध्ये ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी ॲस्पर्गर यांचं नाव वापरलं आणि तेच रूढ झालं.

मग २०१८ साली इतिहासकार हेर्विग चेक यांनी जुनी कागदपत्रं मांडली. नाझी काळात ॲस्पर्गर यांनी काही अपंग मुलांना ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत पाठवायची शिफारस केली होती. तिथे सुमारे ८०० मुलं मेली, त्यांतली बरीच मारली गेली.

वेगळं निदान मात्र अमेरिकन डीएसएम-५ ने त्याआधीच, २०१३ मध्ये, काढून ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं होतं. कारण साधं होतं : दोघांतली रेषा डॉक्टरांनाही एकसारखी आखता येत नव्हती.

म्हणून कुणी ‘ऑटिझम नाही हो, नुसतं ॲस्पर्गर’ म्हणालं, तर थांबा. ‘हुशार’ आणि ‘बाकीची’ अशी मुलांची वाटणी एकदा कुठवर गेली होती, ते आठवा.