भूल उतरल्यानंतर

भूल देण्याच्या शोधाची कथा बहुधा बोस्टन शहरापासून सुरू केली जाते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये एका रुग्णास ईथरची वाफ दिली आणि त्याच्या मानेवरील गाठ काढण्यात आली. ही कथा खरी आहे. परंतु तिच्या बेचाळीस वर्षे आधी, आजच्या वाकायामा प्रांतातील हिरायामा या खेड्यात हानाओका सेइश्यू नावाच्या वैद्याने कान नावाच्या साठ वर्षांच्या स्त्रीला औषधी काढा पाजून बेशुद्ध केले आणि तिच्या स्तनातील कर्करोगाची गाठ काढली. पूर्ण भूल देऊन केलेली, निश्चित लेखी नोंद असलेली ही जगातील पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. भुलेच्या इतिहासातील ही आद्य रुग्ण एक वृद्ध, कर्करोगग्रस्त स्त्री होती, या गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

हानाओकाचा जन्म १७६० सालचा. क्योतो येथे त्याने परंपरागत वैद्यक आणि डच वळणाची शस्त्रक्रिया अशा दोन्ही विद्या आत्मसात केल्या आणि १७८५ मध्ये तो गावी परतला. पुढची सुमारे वीस वर्षे त्याने ‘त्सूसेन्सान’ या काढ्याच्या सिद्धतेत घालवली. त्यात प्रमुख भाग धोतऱ्याचा होता. जोडीस बचनागाच्या कुळातील विषारी मूळ व अन्य वनस्पती होत्या. आपल्याकडे शंकराला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्याचे एक जपानी नाव ‘मांदारागे’ असे आहे आणि ते बौद्ध ग्रंथांतील ‘मांदारव’ या संस्कृत पुष्पनामावरून आलेले आहे. धोतऱ्याचा गुण आपल्या किनाऱ्यासही अपरिचित नव्हता. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या वनौषधिविषयक संवादांत, धोतरा खाऊ घालून भ्रमिष्ट केलेल्या व लुबाडलेल्या माणसांची हकिगत येते. चोराच्या हातातील हेच द्रव्य हानाओकाने वैद्याच्या हाती दिले. त्यासाठी त्याच्या आईने आणि पत्नीने स्वतःच्या देहावर प्रयोग करू दिले. त्यांत पत्नीची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते.

कानच्या शस्त्रक्रियेचा दिवस जपानी पंचांगाप्रमाणे दहाव्या महिन्याचा तेरावा होता. म्हणून जपानमध्ये १३ ऑक्टोबर हा ‘भूल दिन’ म्हणून पाळला जातो. हा काढा चढण्यास काही तास लागत आणि त्याचा अंमल सहापासून चोवीस तासांपर्यंत टिके. कानची जखम भरली, ती आपल्या गावी परतली आणि शस्त्रक्रियेनंतर सुमारे साडेचार महिन्यांनी मरण पावली. १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत हानाओकाने स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक रुग्णांची नोंद केली. त्याचे नाव मोठे झाले. कान मात्र त्या नावाच्या आरंभी येणारी एक तळटीप होऊन राहिली.

याच काळातील दुसरी एक स्त्री तिच्या शेजारी उभी करून पाहण्यासारखी आहे. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रवैद्य होता नेपोलियनच्या सैन्यातील प्रख्यात लॅरे. बर्नीचे वय ५९ होते. भूल म्हणून तिच्या वाट्याला मद्यमिश्रित पेयाचा एक पेला आणि चेहऱ्यावर टाकलेला एक रुमाल एवढेच आले. तो रुमालही इतका तलम की त्यातून तिला सारे दिसत होते. पुढे बहिणीला लिहिलेल्या दीर्घ पत्रात तिने तो प्रसंग क्षणाक्षणाने नोंदवला. नऊ महिने उलटल्यावरही ती हकिगत लिहिताना आपले डोके दुखते, असे ती सांगते. बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगली.

वय जवळजवळ सारखे, रोग एकच, अंतर सात वर्षांचे. एकीने सारे सोसले आणि शब्दांत ठेवले. दुसरीला सोसावे लागले नाही, आणि तिचे शब्दही आपल्यापाशी नाहीत. म्हणून वेदना बरी असा निष्कर्ष कोणी काढू नये. बर्नीचे पत्र वाचलेला कोणताही वाचक कानच्या निद्रेचा हेवाच करील. परंतु भुलेमुळे वेदनेबरोबर साक्षही नाहीशी होते, हे साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवले पाहिजे. मधल्या काळाचा वृत्तान्त रुग्णापाशी नसतो; तो वैद्यापाशी असतो आणि इतिहासही तोच लिहितो. आरियोशी सावाको हिने १९६६ मध्ये हानाओकाच्या पत्नीवर लिहिलेल्या गाजलेल्या कादंबरीने हा इतिहास घरातील स्त्रियांकडे वळवला. सासू आणि सून यांच्यातील त्यागाची चढाओढ हा तिचा गाभा आहे. पण तेथेही झोपी जाणाऱ्या दोन स्त्रिया वैद्याच्या घरच्याच आहेत. रुग्ण कडेलाच राहते.

आपल्या भाषेने या अवस्थेस ‘भूल’ असा शब्द योजला आहे. ग्रीकवरून घडलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ संवेदनेचा अभाव. मराठी शब्द मात्र विस्मृती, चूक आणि मोहिनी हे तीनही अर्थ बाळगून आहे. वाटेची भूल पडते, माणूस रूपाला भुलतो आणि शस्त्रक्रियेपूर्वी भूल दिली जाते. वृद्ध रुग्णांच्या बाबतीत हा शब्द विलक्षण नेमका ठरतो. कारण औषधाचा अंमल सरल्यावरही अनेकांची विस्मृती लगेच सरत नाही. दिवस-रात्र उलटीपालटी होते, समोरचे माणूस ओळखू येत नाही. किंवा सारे ठीक दिसत असताना वाचलेले पान ध्यानात राहत नाही आणि हिशेब जुळत नाही. घरची माणसे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून ते सोडून देतात. म्हण हाताशी असली की चौकशी थांबते.

वैद्यकाची चौकशीही उशिराच सुरू झाली. १९५५ मध्ये बेडफर्ड या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये वृद्धांच्या मेंदूवर भुलेनंतर होणाऱ्या परिणामांविषयी लेख लिहिला. त्याचा आरंभबिंदू नातेवाइकांचे बोलणे हा होता: शस्त्रक्रियेपासून हे पूर्वीसारखे राहिले नाहीत, ही घरोघरची तक्रार. त्या तक्रारीचे पद्धतशीर मोजमाप १९९८ मध्ये झाले. साठ व त्यावरील वयाच्या बाराशेहून अधिक रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने २५.८ टक्के रुग्णांत आणि तीन महिन्यांनी ९.९ टक्के रुग्णांत बौद्धिक क्षमतेची घट आढळली. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. आरंभीचा त्रास बहुतेकांचा ओसरतो; पण तो ओसरण्यास दिवस नव्हे तर महिने लागू शकतात.

दोष केवळ औषधाचाच, असेही नाही. कंबरेलगतचे हाड मोडलेल्या वृद्धांना पूर्ण भूल दिली काय किंवा मणक्यातून दिली काय, नंतरच्या भ्रमाच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले. शस्त्रक्रियेने शरीरात उठणारा दाह, झोपमोड, परके वातावरण, आधीपासून क्षीण होत आलेली स्मृती, अशी अनेक कारणे एकत्र येतात. धोतऱ्यातील द्रव्ये मात्र स्मृतीशी निगडित असलेल्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचीच वाट अडवतात, आणि त्या जातीची औषधे वृद्धांना शक्यतो देऊ नयेत असे आजचे वैद्यक सांगते. साठ वर्षांच्या कानने जो काढा घेतला त्याचे हे स्वरूप होते. तिचे जागे होणे किती दीर्घ आणि किती धूसर असेल, याची कल्पना त्यावरून करता येते.

उपायांच्या बाबतीत आधुनिक संशोधन ज्या गोष्टींशी येऊन थांबते, त्या फार साध्या आहेत. रुग्णालयातील वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, वार-तारीख सांगत राहणे, रात्रीची झोप जपणे, लवकर चालते करणे आणि पुरेसे पाणी पाजणे एवढ्या उपायांनी भ्रमाचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले. उशाशी बसून ‘आज गुरुवार, सकाळचे नऊ वाजले’ असे सांगणारे घरचे माणूस हा उपचाराचाच भाग आहे. २०१८ मध्ये तज्ज्ञांनी या विकारांची नावे नव्याने ठरवली, तेव्हा दीर्घकाळच्या घटीचे निदान करताना चाचण्यांच्या बरोबरीने रुग्णाची, नातेवाइकाची किंवा डॉक्टरांची तक्रारही विचारात घ्यावी असे ठरवले. कानच्या काळी नोंदवहीबाहेर राहिलेला आवाज असा दोन शतकांनी नोंदवहीत आला.

भुलेचे दिवस आपण पाळतो ते झोपवण्याचे. जागे होण्याचा दिवस असा नेमून पाळता येणार नाही. कारण तो एकच नसतो. साठीपुढच्या रुग्णाच्या बाबतीत तो आठवड्यांवर, कधी महिन्यांवर पसरलेला असतो. त्या काळात रुग्णाने जे अडखळत सांगितले ते कोणी ऐकून लिहून ठेवले, तर भुलेच्या इतिहासातील कानच्या वाट्याची रिकामी पाने निदान पुढच्यांसाठी भरली जातील.