उजवा कान

२५ नोव्हेंबर १९००, रविवार. पॅरिस.
ऱ्यू दे बोझारवरच्या हॉटेल दाल्झासमध्ये सेबॅस्टियन मेल्मॉथ या नावाने उतरलेला पाहुणा असंबद्ध बोलू लागला आहे. हा लेखक ऑस्कर वाइल्ड, वय ४६. डॉ. टकर आणि डॉ. पॉल क्लेस त्याला तपासतात. मेंदूचे काम बिघडले आहे आणि त्याचे मूळ उजव्या कानातल्या जुन्या पुवात आहे, यावर दोघांचे एकमत होते.

हातात पाच दिवस उरलेत. पण मोजणी इथून सुरू केली तर वाइल्डवर अन्याय होईल.

जुलै १८९६. रीडिंगचा तुरुंग.
कैदी वाइल्ड गृहमंत्र्यांना अर्ज लिहितो. उजव्या कानाचा पडदा गळवामुळे फुटला आहे, ऐकू येणे जवळजवळ गेले आहे, आणि तुरुंगाचे डॉक्टर म्हणतात की यावर आपल्याकडे इलाज नाही.

हा अर्ज वाचताना त्याच्या वडिलांची आठवण येतेच. सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नावाजलेले कानाचे सर्जन. कानामागच्या हाडात पू साचला की तिथे छेद देऊन वाट करून द्यायची, त्या छेदाला त्यांचेच नाव मिळाले. १८५३ च्या आपल्या ग्रंथात वाहता कान क्षुल्लक समजू नका, असे त्यांनी बजावून ठेवले होते. तो ग्रंथ आला त्याच्या पुढच्याच वर्षी ऑस्करचा जन्म झाला.

आपल्याकडे ‘पोराचा कान वाहतो’ हे आजही सर्दी-पडशाच्या सुरात सांगतात. लसूण टाकून कढवलेले तेल, वर कापसाचा बोळा, की झाले. पण वर्षानुवर्षे थोडा थोडा येणारा, घाण वास मारणारा पू हे वेगळे प्रकरण आहे. पडद्याच्या भोकातून कातडी आत वाढते, तिचे पापुद्रे साचत जातात आणि ते सावकाश हाड खात सुटतात. डॉक्टर याला कोलेस्टिॲटोमा म्हणतात. मध्यकर्णाचे छप्पर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे. त्याच्या वर मेंदू. मागच्या हाडाला लागून मेंदूकडचे रक्त परत नेणारी मोठी शीर. बरेचदा दुखत नाही, म्हणूनच तर माणूस निर्धास्त राहतो.

१० ऑक्टोबर १९००.
हॉटेलच्या खोलीतच कानावर शस्त्रक्रिया होते. दुसऱ्या दिवशी लंडनला मित्र रॉबर्ट रॉसला तार जाते: ऑपरेशन झाले, लवकर ये.

२९ ऑक्टोबर.
वाइल्ड प्रथमच अंथरुणातून उठतो आणि रात्री हट्टाने कॅफेत जातो. दुसऱ्या दिवशी सर्दी, कानात जबर ठणका. त्याच्या पुढच्या दिवशी घोडागाडीतून फेरफटका मारताना गरगरते म्हणतो. मला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोल सांभाळणारा अवयव कानाच्या आतल्या भागातच असतो. वाहत्या कानाच्या माणसाला चक्कर येऊ लागली की रोग आत सरकला, अशी शंका घ्यायलाच हवी. पण डॉक्टरांनी त्याला बाहेर पडायला परवानगी दिली होती.

२७ नोव्हेंबर.
लक्षणे बळावली आहेत. दोन्ही डॉक्टर लेखी दाखला देतात: मेंदू आणि त्याची आवरणे सुजली आहेत, याबद्दल शंका नाही. कवटी उघडायची तर रोग नेमका कुठे आहे याची खूण हवी. ती नाही, म्हणून फक्त औषधे.

त्या काळी कवटी उघडणे अशक्य होते असे नाही. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेन यांनी १८९३ मध्येच मेंदूतल्या गळवांवरच्या शस्त्रक्रिया प्रसिद्ध केल्या होत्या आणि त्यांचे बहुतेक रुग्ण वाचले होते. पण गळू एका जागी असते, ती जागा सापडली तर निचरा करता येतो. आवरणांवर पसरलेल्या पुवाला भोक पाडणार कुठे? पेनिसिलिन सापडायला अजून २८ वर्षे आहेत. सीटी स्कॅन तर त्याहून कितीतरी पुढे.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.३०.
आईला घेऊन दक्षिण फ्रान्सला गेलेल्या रॉसच्या हाती वाइल्डचा मित्र रेजी टर्नर याची तार पडते. आशा जवळजवळ नाही. तो धावत एक्स्प्रेस गाठतो.

२९ नोव्हेंबर, सकाळी १०.२०.
रॉस पॅरिसला पोहोचतो. वाइल्ड वाळला आहे, रंग काळानिळा, श्वास जड. बोलू पाहतो, शब्द फुटत नाहीत. कळतंय का, असे विचारल्यावर हात उचलतो, मित्रांचे हात दाबतो. डॉक्टर दोन दिवसांची मुदत सांगतात. रॉस धर्मगुरू शोधायला निघतो आणि फादर कथबर्ट डन यांना घेऊन येतो. वाइल्डला कॅथलिक पंथाची दीक्षा मिळते.

रात्री परिचारक रॉस आणि टर्नरला दोनदा उठवतो. दोन्ही वेळा त्याला वाटलेले असते की संपले.

३० नोव्हेंबर, पहाटे ५.३०.
चेहरा पालटतो. घशातून घरघर सुरू होते; रॉसने पुढे पत्रात तिला यंत्राची दांडी फिरवल्याच्या भयंकर आवाजाची उपमा दिली. डोळ्यांवर उजेड धरला तरी बाहुल्या हलत नाहीत. कवटी ताणली जात नाही. आत सूज वाढली की दाब मेंदूच्या देठावर येतो आणि श्वास, नाडी सांभाळणारी केंद्रे चेपली जातात. तोंडातून फेस आणि रक्त येते, ते पुसायला कुणीतरी सतत शेजारी उभे असते.

दुपारी १२.००. रॉस जेवायला जातो. १२.३०. टर्नर जातो. १.००. आता दोघेही खोली सोडत नाहीत. घरघर वाढतच जाते.

१.४५. श्वासाची लय बदलते. रॉस हात हातात घेतो, नाडी फडफडते आहे.

१.५०. मृत्यू.

त्यानंतर.
कानाचे नाव मागे पडले. १९१२ मध्ये आर्थर रॅन्समने मेंदुज्वराचा ठपका सिफिलिसवर ठेवला, १९८७ मध्ये रिचर्ड एलमनच्या गाजलेल्या चरित्रानेही तीच बाजू उचलली. बदनाम माणसाला बदनाम रोगच शोभतो, असे लोकांना वाटत असावे. मला याचा मनापासून राग येतो. २००० साली, मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, ॲशली रॉबिन्स आणि शॉन सेलर्स यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुरावे पुन्हा तपासले आणि कौल कानाच्या बाजूने दिला. मेंदूतल्या सिफिलिसने बुद्धी महिनोन्‌महिने झिजत जाते. वाइल्डचे बोलणे शेवटच्या आजारापर्यंत तल्लख होते, आणि भ्रम सुरू झाल्यापासून पाचव्या दिवशी तो गेला. हा वेग कानातून वर चढलेल्या पुवाचा आहे.