रसिकाला सुतक नसतं

घरातलं माणूस गेलं की काय करायचं, हे आपल्याकडे ठरलेलं असतं. सुतक किती दिवसांचं, शेजारून पिठलं-भात कोणी आणायचा, दहाव्याला कोणी यायचं, सगळं ठरलेलं. आवडता नट गेला तर मात्र काहीच ठरलेलं नसतं. वीस वर्षं ज्याचं प्रत्येक नाटक पाहिलं, ज्याच्या आवाजाची लकब आपल्या बोलण्यात उतरली, त्याच्या घरी आपण जाऊन बसू शकत नाही. त्याच्या बायकोला आपलं नाव माहीत नसतं. ऑफिसात सांगावं, तर समोरचा म्हणतो, ‘अरेरे, वय काय होतं?’ आणि कामाला लागतो.

मग नाटकवेडा माणूस काय करतो? दुसरा नाटकवेडा शोधतो. त्याला विचारतो, ‘तू पाहिलं होतंस का रे ते?’

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककार, नट आणि कंपन्यांच्या नावांनी सांगतो. त्या इतिहासातल्या दुखवट्यांकडे जरा प्रेक्षकांच्या बाजूने पाहिलं, तर एक गोष्ट दिसते. रसिकांचं सांत्वन कुटुंबापर्यंत फारसं पोचतच नाही. ते एका रसिकाकडून दुसऱ्याकडे जातं आणि त्यासाठी आधी त्या दोघांची ओळख झालेली असावी लागते.

ती ओळख कशी व्हायची? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नाटक कंपनी गावात आली की दोन-चार दिवसांत निघून जात नसे. तिचा मुक्काम पडे. शे-पन्नास माणसांचं बिऱ्हाड, त्यांचा भटारखाना, सामानाच्या पेट्या आणि आठवड्याला ठरलेले खेळ. संगीत नाटक रात्री सुरू व्हायचं आणि पहाटेपर्यंत चालायचं. एकेका पदाला तीन-तीन, चार-चार वन्समोअर मिळाल्यावर दुसरं काय होणार! अशा सात-आठ तासांत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस परका राहत नाही. त्याला कोणतं पद येतं, तो कुठे डुलतो, कुठे नाक मुरडतो, सगळं कळतं. नाटकातल्या पदांची छोटी पुस्तकं थिएटरातच विकत मिळत. ज्याच्याकडे ते नसे तो शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावे. पुढच्या खेळाला दोघे एकत्र येत, तिसऱ्याला एकजण दुसऱ्यासाठी जागा धरून ठेवी. बायकांची बसायची सोय वेगळी, त्यामुळे त्यांची मैत्री वेगळी जमे; घरी आल्यावर भामिनीच्या शालूची चर्चा माजघरात, तानांची ओसरीवर.

भांडणंही असायचीच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मराठी रसिकांचे दोन तंबू पडले होते. एका तंबूत बालगंधर्व, म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. दुसऱ्या तंबूत कोल्हापूरचे केशवराव भोसले, ज्यांची ललितकलादर्श मंडळी १९०८ साली हुबळीला सुरू झाली होती. बालगंधर्वांचं गाणं लाडिक, भावाला बिलगून चालणारं. केशवरावांचं खड्या, तेजस्वी आवाजाचं, तानेला धावणारं. तुम्ही धोनी की कोहली यावरून ग्रुपमध्ये झालेली भांडणं पाहिली असतील, तर हे वेगळं समजावून सांगायला नको. पण अशा भांडणालाही ओळख लागते. आपला मित्र कोणत्या तानेवर चिडेल, हे माहीत असल्याशिवाय त्याला चिडवता येत नाही.

या सगळ्या ओळखीची कसोटी लागली ती १९१९ ते १९२१ या तीन वर्षांत.

२३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळच्या सावनेरला राम गणेश गडकरी वारले. वय अवघं ३३. ‘प्रेमसंन्यास’ आणि ‘पुण्यप्रभाव’ने लोक वेडे झाले होते, गोविंदाग्रजांच्या कविता पाठ होत्या. ‘एकच प्याला’ लिहून झालं होतं, पण रंगमंचावर आलेलं नव्हतं. ‘राजसंन्यास’ तर अर्धवटच राहिलं. ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीने बडोद्याला २० फेब्रुवारी १९१९ ला रंगभूमीवर आणलं. तारखा बघा: मृत्यू आणि पहिला प्रयोग यांत अठ्ठावीस दिवस. म्हणजे महिनासुद्धा नाही.

त्या नाटकाची पदं गडकऱ्यांची नाहीत. ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली. मला हे दुखवट्याचं एक रूप वाटतं, आणि त्यातलं सर्वांत उपयोगी. गेलेल्या माणसाच्या कामात आपला हात घालायचा आणि ते लोकांसमोर उभं राहील असं करायचं. शोकसभेत अर्धा तास बोलण्यापेक्षा हे कितीतरी अवघड.

आता त्या रात्री खुर्चीत बसलेल्या माणसाचा विचार करा. समोर बालगंधर्व. ज्यांच्या भरजरी शालूंची फॅशन घराघरांत पोचली होती, ते सिंधू होऊन जुनेरं नेसून जात्यावर बसलेले. गणपतराव बोडसांचा सुधाकर दारूत बुडत चाललेला. तळीरामाच्या प्रवेशांना हसायचं, कारण विनोद तसाच बांधलेला आहे, आणि हसताना मनात येणार की हे लिहिणारा माणूस महिन्यापूर्वी गेला. शेवटच्या अंकात सिंधू मरते तेव्हा प्रेक्षक सिंधूसाठी रडतो की गडकऱ्यांसाठी, हे त्यालाही सांगता येणार नाही. नाटकाने लोकांना रडायची जागा दिली. शेजारीही डोळे पुसतोय म्हटल्यावर आपण का रडतोय, हे कोणाला सांगावं लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांनीच दिलं अशी आख्यायिका आहे. त्यांच्या नावाने स्वराज्य फंड उभा राहिला, आणि त्या फंडासाठी दोन तंबू एकत्र यायचं ठरलं. नाटक निवडलं खाडिलकरांचं ‘मानापमान’. टिळकांच्या जवळच्या माणसाने लिहिलेलं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी नटलेलं. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

त्या रात्रीचं वर्णन पुढची कित्येक वर्षं मराठीत होत राहिलं. कोणाची तान वरचढ झाली, कोणी कोणाला मोकळीक दिली, यावर आजही दोन जाणती माणसं भेटली तर वाद होऊ शकतो. मी तिथे होतो असं सांगणाऱ्यांची बेरीज केली, तर बालीवाला थिएटर शिवाजी पार्कएवढं असायला हवं होतं! पण या थापेमागे काहीतरी आहे. ‘मी होतो’ म्हणणं ही नाटकवेड्यांच्या बिरादरीत शिरण्याची पावती होती.

आणि ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव भोसले विषमज्वराने गेले. वय ३१. संयुक्त प्रयोगाला तीन महिनेही झाले नव्हते.

आता त्या भांडकुदळ रसिकांचं काय झालं असेल? केशवरावांच्या बाजूचा माणूस पोरका झाला, हे उघड आहे. माझं लक्ष जातं ते बालगंधर्वांच्या बाजूच्या माणसाकडे. वर्षानुवर्षं तो मित्राला चिडवत आला: तुझ्या केशवरावांच्या तानेत भाव कुठे आहे? आता चिडवणार कोणाला? त्याच्या आवडीची अर्धी धार केशवरावांमुळे होती. ज्याच्याशी आपण इतका हिरिरीने वाद घालतो, त्याच्या आवडीतला माणूस आपणही पुरता ऐकलेला असतो. त्यामुळे या मृत्यूनंतर खरं सांत्वन कोण करू शकत होतं? विरुद्ध तंबूतला माणूसच. ‘ती तान मात्र खरी होती रे’ हे त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी पहिल्याने दहा वर्षं वाट पाहिलेली असणार.

ललितकलादर्श बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती खांद्यावर घेतली आणि १९३७ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवली. पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी तिला पुन्हा उभं केलं. गेलेल्या नटाच्या जागी नवा नट उभा राहतो, तो पहिला प्रयोग रसिकांसाठी फार अवघड असतो. टाळी द्यावी तर गेलेल्याशी बेइमानी, न द्यावी तर समोरच्या जित्या माणसावर अन्याय. हे एकट्याने सुटत नाही. मध्यंतरात चहाच्या कपाशी दोघंतिघं उभी राहतात आणि कोणीतरी म्हणतं, ‘बरा करतोय.’ त्या दोन शब्दांनी नव्या नटाला परवानगी मिळते.

हे सगळं गोड वाटत असेल, तर आता कडू भाग. रसिकांचं सांत्वन सगळ्यांना मिळत नाही, आणि कोणाला नाकारायचं हे ते मिळूनच ठरवतात.

१२ मार्च १९११. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट मराठी माणूस अभिमानाने सांगतो. कर्तव्यनिष्ठा म्हणून सांगतो. त्या दुःखात सगळा महाराष्ट्र शंभर वर्षं सहभागी आहे. आता दुसरी तारीख घ्या. १९६४ साली गोहरजान कर्नाटकी गेल्या. त्या उत्तम गायिका. १९३८ च्या सुमारास त्या गंधर्व मंडळीत आल्या, बालगंधर्वांच्या जागी स्त्रीभूमिका करू लागल्या, पुढे दोघांनी लग्न केलं. कंपनी बुडाली, वय झालं, बालगंधर्वांचे पाय गेले, त्या काळात त्या त्यांच्याबरोबर होत्या. पण बालगंधर्वांच्या भक्तांपैकी अनेकांनी त्यांना कधीच आपलं मानलं नाही. पडझडीचं खापर त्यांच्यावर फोडलं. त्या मुसलमान होत्या आणि गाणाऱ्या बायकांच्या घराण्यातल्या होत्या, हे त्या रागात किती मिसळलेलं होतं, हे वेगळं सांगायला नको. ज्या बालगंधर्वांवर लोकांनी जीव ओवाळला, त्यांच्याच घरातल्या या मृत्यूला मराठी आठवणींच्या पुस्तकांत किती ओळी मिळाल्या? मुलीच्या मृत्यूची गोष्ट शाळकरी मुलालाही माहीत असते. गोहरबाईंची तारीख शोधावी लागते.

बालगंधर्व स्वतः १५ जुलै १९६७ ला गेले. पुण्यात त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते १९६२ साली बसली होती. उद्घाटन झालं २६ जून १९६८ ला, त्यांच्या मृत्यूला वर्ष होत आलं असताना. नाव घ्यायला वास्तू तयार, नाव असलेला माणूस नाही. तेव्हापासून पुण्यातल्या दोन-तीन पिढ्यांनी तिथल्या आवारात उभं राहून ‘अमुक गेला, कळलं का?’ हे वाक्य ऐकलं आहे.

आज हे वाक्य फोनवर येतं. वेग वाढलाय, आणि वेगाची किंमत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. ते गेल्याची बातमी रात्रीत सगळीकडे फिरली, भल्याभल्यांनी श्रद्धांजली वाहिली, आणि घरच्यांना सांगावं लागलं की ते हयात आहेत. २६ नोव्हेंबरला ते खरोखर गेले, तेव्हा आदल्या वेळी लिहिलेला मजकूर पुन्हा चिकटवणारे कमी नव्हते. घाई कशाची होती? दुःखात पहिला नंबर काढायची? पण त्याच दिवशी काहीजण एकमेकांना विचारत होते, ‘बॅरिस्टर’ पाहिलंयस? नाही? मग बस, सांगतो. १९७७ चं नाटक, जयवंत दळवींचं, दिग्दर्शन विजया मेहतांचं. पंचविशीतल्या पोराला ते बघायला मिळणं शक्यच नव्हतं. ज्याने पाहिलंय त्याने सांगायचं, न पाहिलेल्याने ऐकायचं. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ या दोन शब्दांपेक्षा मला हे सांगणं-ऐकणं कधीही जास्त खरं वाटतं.

सगळ्यांत विचित्र दुखवटा मात्र माणसाचा नव्हता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारलं, खासबाग कुस्ती मैदानाला लागून. १९५७ मध्ये त्याला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती. जयंतीसाठी जमणारे कलावंत आणि रसिक जळक्या भिंतींसमोर जमले. सरकारने ते होतं तसं पुन्हा बांधण्याची घोषणा केली, आकडे आले, आराखडे आले.

कोल्हापूरकर मात्र त्या दिवशी वेगळंच बोलत होते. वास्तूला बायको-मुलं नसतात, त्यामुळे दुखवट्याला जायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. सगळेच घरचे. कोणी पहिलं बालनाट्य तिथे पाहिलेलं, कोणी एकांकिका स्पर्धेत तिथल्या विंगेत उभं राहून उलटी होईल इतकं घाबरलेलं, कोणाची बायको तिथल्या मध्यंतरात भेटलेली. एकमेकांचं नावसुद्धा माहीत नसलेली माणसं रस्त्यावर उभी राहून एकमेकांना विचारत होती: तुम्ही शेवटचं काय पाहिलंत इथे? कितव्या रांगेत होतात?