बरा आहे, मग गोळी कशाला?

हैदराबादेतल्या मराठी घरांत एक मत इतके मुरले आहे की ते नुसते मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, याची आठवणही कुणाला राहिलेली नाही. बायपोलर हा झटक्यांचा आजार, असे हे मत सांगते. झटका आला की माणूस रात्र-रात्र झोपत नाही, अखंड बोलतो, कर्ज काढून खरेदी करतो, आपल्या तोडीचा कुणी नाही असे छातीठोक सांगतो. किंवा याच्या उलट, महिनोन्‌महिने अंथरूण सोडत नाही. मग झटका ओसरतो. तोच माणूस कामावर जातो, हिशेब चोख ठेवतो, गणपतीच्या आरतीला पुढे उभा राहतो. अशा ठणठणीत माणसाला रोज औषध कशाला? "वहिनी, आता चांगला आहे ना तो, मग बंद करा की त्या गोळ्या," असे सांगणारा नातेवाईक दुष्ट नसतो. त्याच्या म्हणण्याला तर्क आहे. तो पुरता मांडल्याशिवाय खोडणे अन्यायाचे होईल.

तर पूर्वपक्ष असा. हा आजार मुळातच येतो आणि जातो. मग झटका औषधाने उतरला की आपसूक, हे ठरवणार कोण? त्यात या आजारावर दिले जाणारे लिथियम हे जपून द्यावे लागणारे औषध. मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो, हे डॉक्टरही नाकारत नाहीत. माणूस त्याने फिका पडतो, त्याचे तेज जाते. आणि शेवटी, मूळ कारण जर ताण असेल, तर ताण गेल्यावर उरले काय?

या पक्षाला एकेकाळी मोठे विद्वान वकीलही लाभले होते. १९६८ साली मायकेल शेफर्ड आणि बॅरी ब्लॅकवेल या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये लिथियमच्या प्रतिबंधक वापराला 'आणखी एक वैद्यकीय दंतकथा' का म्हणू नये, असा सवाल केला. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. वारंवार झटके येणारे रुग्ण निवडायचे, त्यांना औषध द्यायचे, आणि पुढे झटके कमी झाले की श्रेय औषधाला द्यायचे, हा कुठला न्याय? वाईट काळ निवडला तर पुढचा काळ तुलनेने बरा निघणारच. डेन्मार्कचे मोगन्स शू हे लिथियमचे मोठे पुरस्कर्ते. त्यांच्या स्वतःच्या भावाला त्या औषधाने आराम पडला होता. तेव्हा शूंना संशोधक न मानता भक्त मानणारेही होते.

भक्ताने काय करावे? शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केले त्याला माझ्या मते तोड नाही. लिथियमवर स्थिर झालेल्या ८४ स्त्री-रुग्ण त्यांनी निवडल्या. त्यांपैकी ३९ जणींना लिथियमऐवजी दिसायला तशीच, पण निष्क्रिय गोळी दिली. उरलेल्या ४५ जणींचे औषध चालू राहिले. कुणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही नाही. म्हणजे आपल्या नातेवाइकाचा सल्ला, 'चांगली आहे ना, मग बंद करा', शब्दशः अमलात आणला गेला. पाच महिन्यांत खोट्या गोळीवरच्या ३९ पैकी २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. खऱ्या गोळीवरच्या ४५ पैकी एकही नाही. हे १९७० साली प्रसिद्ध झाले. प्रश्न विचारणाऱ्यांचा प्रश्न रास्त होता, पण त्याला उत्तर मिळाले.

यावर कसलेला प्रतिपक्षी म्हणेल, औषध एकदम तोडल्यामुळेच झटका आला असेल! आक्षेप खरा आहे. लिथियम अचानक बंद केल्यास उन्माद लवकर उसळतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलेच. पण हा आक्षेप नेमका कुणाच्या विरोधात जातो? घरात कुणालाही न विचारता पाकीट कपाटात टाकून देणाऱ्याच्या. आणि लिथियम हा रामबाण आहे, असे मी म्हणत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅलन्स' चाचणीत ३३० रुग्णांचा जास्तीत जास्त दोन वर्षे पाठपुरावा झाला. नुसत्या लिथियमवरच्या ५९ टक्के रुग्णांना त्या काळात नव्या झटक्यासाठी वेगळा उपचार लागला, नुसत्या व्हॅल्प्रोएट या दुसऱ्या औषधावरच्या ६९ टक्क्यांना, आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्या ५४ टक्क्यांना. हे आकडे कुणी जाहिरातीत छापणार नाही. ते एवढेच सांगतात की हा आजार औषध चालू असतानाही जोर करतो. औषधाविना तो गप्प बसेल, हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो?

मुळात 'मधला बरा काळ' आजाराच्या बाहेर आहे, हे गृहीतच तपासून पाहू. फ्रेंच वैद्य फाल्रे यांनी १८५४ साली या विकाराचे वर्णन केले, तेव्हा उन्माद, खिन्नता आणि मधला शुद्धीचा काळ ही तिन्ही मिळून त्यांनी एकच चक्र मानले. कुठलीही औषधकंपनी तेव्हा त्यांच्या दारात उभी नव्हती. गोळ्या चालू ठेवण्यात कंपन्यांचा धंदा आहे, असाही आरोप होतो; लिथियमच्या बाबतीत तर तो विनोदीच ठरतो. ते निसर्गातले मूलद्रव्य आहे, त्याचे पेटंट कोण घेणार? आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि स्वस्त आहे.

आता औषधाच्या धोक्याचा मुद्दा. इथे मी प्रतिपक्षाच्या अर्ध्या वाटेपर्यंत आनंदाने जातो. ऑस्ट्रेलियात मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम वापरून पाहिले. १९४९ साली उन्मादाच्या दहा रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांचा पहिला रुग्ण वर्षानुवर्षे उन्मादात असलेला, पन्नाशी उलटलेला माणूस होता. १९४८च्या मार्चमध्ये औषध सुरू झाले, काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग बरे वाटते म्हणून त्याने औषध सोडले, आणि पुन्हा रुग्णालयात आला. पुढे १९५० साली तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. या एका माणसाच्या कहाणीत दोन्ही पक्षांचा पुरावा आहे, आणि मला तो दोन्ही अंगांनी मान्य आहे. फरक इतकाच की रक्तातली मात्रा नेमाने मोजून औषध देण्याची रीत तेव्हा बसलेली नव्हती. आज शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी 'लेव्हल' काढतात. दीर्घकाळच्या उपचारात ती बहुधा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोलच्या आसपास ठेवतात, १.५च्या वर गेली की धोका. क्रिएटिनिन आणि थायरॉइड ठरावीक महिन्यांनी तपासतात. हैदराबादच्या मे महिन्यात घामाने अंग सुकते, एकादशीला कुणी निर्जळी उपवास धरते, बीपीसाठी कुणी मीठ एकदम तोडते, गुडघ्यासाठी कुणी आयब्युप्रोफेन घेते. या प्रत्येकाने लेव्हल चढू शकते. हे रुग्णाला सांगायला हवे, आणि अनेकदा सांगितले जात नाही, ही माझीही तक्रार आहे. पण जपून वापरायची वस्तू आणि टाकून द्यायची वस्तू यांत फरक नाही काय?

तेजाबद्दल बोलणारे बहुधा कवी-चित्रकारांची उदाहरणे देतात. शू यांनी १९७९ साली लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना हेच विचारले. १२ जणांनी काम वाढले म्हटले, सहांनी तेवढेच राहिले, सहांनी घटले. संख्या लहान आहे, उत्तरे रुग्णांच्या स्वतःच्या शब्दांतली आहेत. तरी त्या सहांचे दुःख नाकारू नये; मात्रा थोडी कमी करता येते, औषध बदलता येते. पण चोवीसही जण फिके पडले, असे म्हणायला आधार कुठला?

ताणाच्या युक्तिवादाला हैदराबादच्या चिक्कडपल्लीत विशेष जोर येतो. अशोकनगरचे कोचिंग, सिटी सेंट्रल लायब्ररीत सकाळपासून जागा धरून बसलेली मुले, सरकारी नोकरीच्या ग्रुप-वन परीक्षेची पुस्तके, रात्री उशिरापर्यंत चहा. अशा मुलाला झटका आला की घरचे म्हणतात, परीक्षेचा ताण, दुसरे काय. बायपोलर बहुधा याच वयात, पंचविशीच्या आतबाहेर, पहिल्यांदा डोके वर काढतो, आणि झोपमोड हे उन्मादाचे ओळखीचे निमित्त आहे. म्हणून जागरण मोडा, झोपेची वेळ पाळा, हे सांगणारे बरोबर आहेत. मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी तर दिनचर्येच्या नियमितपणावरच उपचारपद्धती उभी केली. पण तिथे ती औषधाच्या सोबतीने चालते. त्याच वाचनालयात शेकडो मुले तशीच जागतात. त्यातल्या एखाद्यालाच उन्माद का येतो? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा वाटा मोठा दाखवला आहे, तो कुणाच्या परीक्षेचा निकाल लागल्याने संपत नाही. आणखी एक घोळ इथेच होतो. पहिला झटका अनेकदा नैराश्याचा असतो, नुसती नैराश्याची गोळी मिळते, आणि काहींचे मन तिने उन्मादाकडे उलटते. मग दोष 'गोळ्यांना' लागतो. तो लागायला हवा अर्धवट निदानाला.

गोळी बंद करायला सांगण्याचे खरे कारण, माझ्या मते, याहून वेगळे आहे आणि ते कुणी बोलत नाही. गोळी चालू असणे म्हणजे घरात आजार असल्याची कबुली. बहिणीचे लग्न ठरायचे असते. एर्रागड्ड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाचे नुसते नाव निघाले तरी स्वयंपाकघराचे दार लोटले जाते. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या साधारण दहांपैकी सात रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. या मौनाचा त्यात वाटा नसेल, असे मानणे कठीण आहे. पण लपवणाऱ्यांनी निदान कायदा तरी वाचावा. आंध्र प्रदेशातून गेलेल्या एका खटल्यात पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचे कारण देऊन पतीने घटस्फोट मागितला होता. उच्च न्यायालयाने तो नाकारला, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. आजाराचे नुसते नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे हे पाहावे लागते, आणि असा आजार उपचारांनी आटोक्यात राहू शकतो, ही त्यामागची भूमिका. मग न्यायालयात रुग्णाच्या बाजूने काय उभे राहील: नियमित घेतलेले औषध, की मध्येच सोडलेले?

औषध कधीच बंद करू नये, असाही माझा हट्ट नाही. मूल हवे असेल तर, मूत्रपिंडाचे आकडे बिघडले तर, खुद्द रुग्णाने समजून-उमजून ठरवले तर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे, शक्य तर तीनेक महिने घेऊन मात्रा उतरवता येते. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ५ने आणखी एक सोय दिली आहे. पुढे झटका आला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, हे रुग्ण आधीच लिहून ठेवू शकतो. म्हणजे प्रतिपक्ष ज्या काळाला औषध बंद करण्याचा मुहूर्त समजतो, त्याच काळात रुग्णाने आपल्या उपचाराचा निर्णय घ्यावा, अशी संधी कायदा देतो. नातेवाइकाला सल्ला द्यायचाच असेल, तर तो कागद लिहायला रुग्णाच्या शेजारी बसावे.