लाल किल्ल्याचं चांदीचं छत

माझ्या लहानपणाची काही वर्षं लाल किल्ल्यात गेली, असं सांगितलं की लोक हसतात. पण 2003च्या डिसेंबरपर्यंत किल्ला लष्कराकडे होता. 1857नंतर इंग्रजांनी आतले बहुतेक महाल पाडून बराकी बांधल्या. वडिलांची पलटण तिथं असताना आम्ही पोरं त्याच बराकींपुढे क्रिकेट खेळायचो.

दिवाण-ए-खासमध्ये एक गाइड वर बोट दाखवून सांगायचा, "इथलं चांदीचं छत मराठ्यांनी काढून नेलं." माझी मान खाली जायची. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "खोटं नाही ते."

1760च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी किल्ला घेतला. तेव्हा मराठ्यांची सरहद्द ती हीच. पुणं शेकडो कोस मागे, यमुनेला पूर, पलीकडे अब्दाली. खजिना रिकामा, घोड्यांना दाणावैरण नाही. भाऊंनी छत उतरवलं, नाणी पाडली, फौजेचे पगार भागवले. फार दिवस ते पुरले नाहीत. पलटणीच्या रसदीची जबाबदारी मीही सांभाळली आहे. त्यामुळे भाऊंना लुटारू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र बादशाहीचे रखवालदार म्हणून यायचं आणि त्याच घराचं छत उतरवायचं, हे उत्तरेत कुणाला रुचणार होतं? पाच महिन्यांत पानिपत झालं.

1788मध्ये महादजींची फौज पुन्हा किल्ल्यात आली. गुलाम कादिरनं डोळे काढलेल्या शाहआलमभोवती मराठ्यांनी पंधरा वर्षं पहारा दिला, 1803च्या सप्टेंबरात जनरल लेक येईपर्यंत. त्या पहाऱ्याबद्दल गाइड काहीच बोलायचा नाही. आणि माझ्या शाळेच्या पुस्तकातही तो नव्हता.