निनावी फलक आणि हरवलेला सूर

१९२० च्या दशकात केंब्रिज विद्यापीठात आय. ए. रिचर्ड्स यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांच्या हाती काही कविता द्यायच्या, पण कवीचे नाव गाळून. विद्यार्थ्यांनी त्या वाचून अभिप्राय लिहायचे, तेही स्वतःचे नाव न घालता. त्या गठ्ठ्यात डन, हॉपकिन्स यांच्या कविता होत्या, तशा आज कुणाला आठवणार नाहीत अशा पद्यकारांच्याही होत्या. या अभिप्रायांतून जे चित्र निघाले ते रिचर्ड्स यांनी 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात मांडले. नावाचा आधार सुटताच चांगले शिकलेले वाचकही साधा अर्थ लावताना अडखळत होते, आणि बोलणाऱ्याचा सूर ओळखताना त्यांची फसगत होत होती. एम.ए.च्या वर्गात हा प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. परंतु हाच प्रयोग एका वर्गाऐवजी लाखो लोकांनी, समोर कुणी शिक्षक नसताना, वीस-पंचवीस वर्षे चालवला तर काय होईल, हा प्रश्न आम्हांला बराच उशिरा सुचला. आंतरजालावरील निनावी फलकांचा इतिहास हे या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करायला हवा. टोपणनाव आणि निनावीपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिली. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण, यावर मोठे वादळ उठले. या दोन्ही नावांमागची व्यक्ती झाकलेली होती. पण नाव टिकून होते. कालच्या पत्राची जबाबदारी आजच्या पत्रावर येत होती, वाचक दोन्ही पत्रे एकत्र ठेवून पाहू शकत होता. टोपणनावालाही पत जमते आणि ती गमावताही येते. निनावी लेखनात हा धागाच नसतो. प्रत्येक वाक्य पोरके जन्मते. त्याला ओळखीचा आधार हवा असेल तर तो भोवतालच्या मंडळींच्या रीतीभातींतूनच मिळायला हवा. आमच्या मते निनावी फलकांच्या साऱ्या चढउतारांची किल्ली इथे आहे.

आंतरजालावरील पहिल्या मोठ्या चर्चा निनावी नव्हत्या, हे आज पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूझनेटची कल्पना मांडली. तिथे लिहिणारे बहुतेक जण आपल्या संस्थेच्या पत्त्यावरून, बहुधा खऱ्या नावाने लिहीत. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, चर्चांत गोंधळ घालत. जुने लोक त्यांना रागावत, समजावत, आणि वर्षअखेरपर्यंत नवे लोक जुने होत. पुढे व्यापारी कंपन्यांनी सर्वसामान्य ग्राहकांसाठी हे दार उघडले. नवागतांचा ओघ थांबेना. म्हणून १९९३ च्या त्या महिन्याला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव पडले. त्या नावात जुन्यांचा तोरा आहेच, पण एक खरे निरीक्षणही आहे. संस्कृती टिकते ती शिकवणारे आणि शिकणारे यांच्यातील प्रमाणावर. ते बिघडले की रीत शिकवायला माणसे पुरत नाहीत.

निनावीपण हाच नियम मानणारे पहिले विराट स्थळ जपानमध्ये उभे राहिले. हिरोयुकी निशिमुरा हा विद्यार्थी अमेरिकेत आर्कान्सा राज्यात शिकत असताना मे १९९९ मध्ये त्याने 'निचान्नेरु', म्हणजे 'दुसरी वाहिनी', हे संस्थळ सुरू केले. नाव न लिहिणाऱ्याच्या मजकुरावर आपोआप 'नानाशी-सान', म्हणजे 'नाव नसलेले गृहस्थ', अशी पाटी लागे. वय, हुद्दा, थोरला-धाकटा यांनुसार क्रियापदाचे रूप बदलणाऱ्या भाषेत ही लहान गोष्ट नव्हती. कारकून आणि साहेब, विद्यार्थी आणि प्राध्यापक एकाच पाटीखाली बोलू लागले. एका धाग्यावर हजार प्रतिसाद झाले की तो बंद होई आणि पुढचा उघडला जाई. अक्षरे आणि चिन्हे रचून काढलेली मांजरे, खास शिव्या, मुद्दाम चुकीची लिहिलेली अक्षरे अशी तिथली बोली घडली. ती बोली हीच तिथली ओळख होती. नवखा माणूस भाषेवरून पकडला जाई.

या स्थळाची दोन्ही तोंडे पहिल्या पाच वर्षांतच दिसली. मे २००० मध्ये क्युशू बेटावर एका सतरा वर्षांच्या मुलाने बस पळवली आणि एका प्रवासी स्त्रीचा जीव घेतला. आधी त्याने या फलकावर लिहिले होते. उलटपक्षी २००४ च्या वसंतात एका बुजऱ्या तरुणाने आगगाडीत दारुड्यापासून बायकांचा बचाव केल्याची हकीकत लिहिली. त्यांतली एक त्याच्या मनात भरली होती, आणि पुढे काय करावे हे अनोळखी लोक त्याला धीराने सांगत राहिले. ही सारी संभाषणे त्याच वर्षी 'देन्शा ओतोको' या नावाने शिंचोशा या मान्यवर प्रकाशनसंस्थेने ग्रंथरूपात काढली. लेखकाच्या जागी छापले होते 'नाकानो हितोरी'. दिसायला ते माणसाचे नाव. पण कानाला ऐकू येते 'त्यांच्यातला एक'. हकीकत कितपत खरी, यावर पुढे वाद झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र ते मुखपृष्ठ विसरता येऊ नये. लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलां बार्त यांनी १९६० च्या दशकात निबंधातून केली होती. इथे ती पुस्तकाच्या दुकानात विकली जात होती.

न्यूयॉर्कमधील पंधरा वर्षांच्या क्रिस्टोफर पूल या मुलाने ऑक्टोबर २००३ मध्ये 'फोरचॅन' सुरू केले, ते 'फुताबा' या दुसऱ्या जपानी चित्रफलकाच्या धर्तीवर. त्याने केलेली निवड वरवर तांत्रिक होती. तिथे जुने काही साठवले जात नसे. नवा धागा वर आला की जुना खाली सरकत सरकत कायमचा पुसला जाई. मायकेल बर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तिथल्या सर्वांत गजबजलेल्या विभागातील नमुनेदार धागा पाच मिनिटेही टिकत नव्हता आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मजकूर पूर्णतः निनावी होता. अशा ठिकाणी टिकायचे कसे? कुणीतरी ते जपून ठेवून पुन्हा मांडले तरच. जात्यावरची ओवी रचणारी कोण हे ठाऊक नसते. दुसरीच्या ओठी आली तरच ती जगते, आणि ओठी येताना थोडी बदलते. 'मीम' म्हणून आज घरोघरी पोचलेला प्रकार या विसरभोळ्या फलकावर फोफावला, तो याच न्यायाने. साम्य इथवरच आहे. ओवीमागे एकच गाव, एकच कष्ट आणि सासर-माहेराचे ठाऊक असलेले जग होते; फलकामागे तसे सामाईक जग फारसे नव्हते.

तिथे सामाईक होता तो एक सूर. काहीही गंभीरपणे घ्यायचे नाही, जो घेईल तो फसला, हा अलिखित नियम. तिथली भाषा सुरुवातीपासून ओंगळ होती. वंश, स्त्रिया, अपंगत्व यांवरची विटंबना हे रोजचे चलन होते. 'आम्ही हे बोलतो, पण मानत नाही' असा त्यामागचा दावा असे. ज्यांची विटंबना होई त्यांना हा भेद कधीच दिलासा देणारा नव्हता, हे नमूद केलेच पाहिजे. तरीही भेद होता. २००८ च्या जानेवारीत या गर्दीने सायंटॉलॉजी पंथाविरुद्ध थट्टेत मोहीम उघडली आणि १० फेब्रुवारीला अनेक देशांच्या रस्त्यांवर मुखवटे घातलेली माणसे खरोखर उभी राहिली. 'ॲनॉनिमस' हे विशेषण तिथे विशेषनाम झाले. थट्टेतून निष्ठा जन्मू शकते, हे तेव्हा प्रथम ध्यानात आले. ती निष्ठा कोणत्या दिशेला जाईल, हे मात्र कुणाच्या हाती नव्हते.

इथे डॅनिएल डीफो आठवतो. १७०२ मध्ये त्याने एक निनावी पत्रक काढले: प्रस्थापित चर्च न मानणाऱ्यांचा निकाल लावण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, याविषयी. तो स्वतः त्याच पंथीयांपैकी; पत्रक उपरोधाचे. परंतु नाव नसल्याने कडव्या चर्चवाद्यांपैकी अनेकांनी ते मनापासून उचलून धरले आणि पंथीय घाबरले. लेखक कोण हे कळल्यावर उपरोध उलगडला, आणि १७०३ मध्ये डीफोला खोड्यात उभे केले गेले. उपरोधाला बोलणारा लागतो. तो कोण, कुठून बोलतो, हे ठाऊक असेल तरच शब्द आणि हेतू यांतील अंतर दिसते. डीफोचे नाव अखेर सापडले; फलकांवर ते सापडण्याची सोय नव्हती. अतिरेकी मताची नक्कल आणि खरे अतिरेकी मत यांत फरक सांगणारी खूण नसेल तर ती एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, हा 'पोचा नियम' आंतरजालावर २००५ मध्ये सांगितला गेला, तो याच अनुभवातून.

पुढचा दशकभराचा इतिहास हा या खुणा पुसल्या जाण्याचा आहे. २०११ मध्ये फोरचॅनवर राजकारणाचा स्वतंत्र विभाग उघडला. जे शब्द जुने लोक चिथावणी म्हणून वापरत, ते नव्याने आलेल्या मुलांनी शब्दशः वाचले. द्वेषावर खरोखर विश्वास असणाऱ्यांना तर 'गंमत होती' हा आयता आडोसा मिळाला. २०१४ मध्ये संगणकखेळांच्या क्षेत्रातील स्त्रियांविरुद्ध छळाची लाट उठली. पूलने तिची चर्चा रोखली तेव्हा बरेच जण २०१३ मध्ये निघालेल्या 'एटचॅन' या आणखी मोकळ्या स्थळी गेले. २०१५ मध्ये पूल पायउतार झाला आणि फोरचॅन निशिमुराने विकत घेतले. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये 'क्यू' या एका अक्षराची सही करणारा कुणी तिथे गूढ भाकिते लिहू लागला. कुणाचेही नाव न मानणाऱ्या गर्दीतून एका अक्षराचे भक्त निघाले. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मशिदींवरील हल्ल्यात ५१ माणसे मारली गेली. मारेकऱ्याने आधी एटचॅनवर, तिथल्याच थट्टेखोर बोलीत, निरोप ठेवला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एल पासो येथील हत्याकांडानंतर खुद्द संस्थापक फ्रेड्रिक ब्रेनन याने ते स्थळ बंद करा, अशी जाहीर मागणी केली. काही दिवसांतच ते बंद पडले आणि नोव्हेंबरात नव्या नावाने परतले.

या साऱ्यातून 'नाव सक्तीचे करा' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. आम्हांला तो पटत नाही. 'विभावरी शिरूरकर' हा पडदा नसता तर त्या कथा लिहिल्या गेल्या असत्या का, हे ज्यांनी स्वतःला विचारले असेल त्यांनाही तो पटू नये. खऱ्या नावाने विष पसरवणारे आपण रोज पाहतो. आमचे म्हणणे एवढेच, की निनावी लेखनाची सारी भिस्त वाचकाच्या तयारीवर असते. रिचर्ड्स यांनी अर्थाचे चार पदर सांगितले होते: आशय, भाव, सूर आणि हेतू. निनावी फलकांवर आशय आणि भाव पोचत राहिले. सूर आधी हरवला आणि मग हेतू बदलला. क्राइस्टचर्चचा निरोप थट्टेच्या भाषेत होता, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

आमच्या वर्गात बसणारी मुले आता या फलकांनंतरच्या जगात जन्मलेली आहेत. नाव नसलेली वाक्ये ती दिवसभर वाचतात. त्यांना आम्ही वक्रोक्ती, व्याजस्तुती आणि उपरोध यांच्या व्याख्या देतो. परीक्षेत त्यांना दोन गुण असतात. तो धडा अलंकारांच्या यादीतून बाहेर काढून वर्गात पुन्हा रिचर्ड्सचा प्रयोग करावा, असे आम्ही यंदा ठरवले आहे. कवितेखालचे नाव झाकायचे आणि विचारायचे: हे कोण बोलते आहे, कुणाशी, आणि खरोखर का?